पाचनंतरचं कॉलेज

जून उजाडला की माझ्या फोनला नातेवाईक फुटतात. एरवी ज्यांचा-माझा संबंध दिवाळीच्या मेसेजपुरता, ती माणसं अचानक जेवण झालं का विचारतात, पुण्यात पाऊस कसाय विचारतात आणि तिसऱ्या वाक्याला मुद्द्यावर येतात. "पोराला ब्याण्णव पर्सेंटाइल पडल्यात. इंजिनिअरिंगला कुठं नंबर लागंल?" मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते आणि कंपनीतर्फे अधूनमधून कॉलेजांत मुलाखती घ्यायला जाते, एवढ्या भांडवलावर भावकीनं मला सल्लागार नेमलं आहे. मानधन गूळ आणि शेंगांच्या रूपात येतं.

पहिलं काम पर्सेंटाइल आणि टक्के यांची फारकत करून देण्याचं. बारावीला ९२ टक्के पडले तर गल्लीत पेढे वाटायला हरकत नाही. सीईटीला ९२ पर्सेंटाइल म्हणजे, परीक्षेला चार लाख मुलं बसली असं धरलं तर, तुमच्या पुढं ३२ हजारांची रांग आहे. हे सांगितलं की पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो. मग दुसरा प्रश्न येतो, "वर मोठी नावं टाकली तर खालचं हातचं जाईल का?"

नाही जात. ही भीती गावोगाव पसरली आहे आणि तिच्यापायी चांगल्या गुणांची मुलं घाबरून खालचंच कॉलेज वर लिहून मोकळी होतात. ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमानं लिहिलेली यादी, वरून खाली वाचला जातो. पहिलं नाव तुमच्या गुणांना झेपलं नाही तर गाडी दुसऱ्यावर जाते आणि तिथं तुमचा क्रमांक होता तिथंच असतो. वर हाव धरली म्हणून कुणी शिक्षा करत नाही. फक्त वरच्या नंबरांना (पहिल्या फेरीत पहिल्याला, पुढच्या फेऱ्यांत पहिल्या काहींना) जे लिहिलं ते मिळालं, तर ते घ्यावंच लागतं, बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी वरचं मिळवायला, वाव उरत नाही. तेव्हा तिथं मनापासून हवं तेच लिहावं, मित्रानं लिहिलं म्हणून लिहू नये. डोमिसाइल, जात-पडताळणीची व्हॅलिडिटी ही कागदं बारावीच्या दिवाळीतच काढून ठेवावीत, कारण जूनमध्ये सेतू केंद्रात सर्व्हर आणि माणूस दोघंही डाऊन असतात. हे एवढं कुणीही सांगेल. हल्ली हे सांगायचे हजारो रुपये घेणारे काउन्सेलर तालुक्याच्या गावीही बसले आहेत.

मला मात्र इतक्या वर्षांत एक प्रश्न कुणी विचारलेला नाही. कॉलेज संध्याकाळी किती वाजता बंद होतं?

माझं गाव सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या पुढं, वारणेच्या खोऱ्यात. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा घरात आनंद झाला तो मुख्यतः पोरगी अपडाऊन करू शकेल याचा. खोलीचं भाडं नाही, मेसचा खर्च नाही, लोकांच्या तोंडाला विषय नाही. एसटीचा सवलतीचा पास काढला. सकाळी पहिली गाडी, मध्ये एक बदल, आणि संध्याकाळी काहीही करून शिराळ्याला मुक्कामी गाडी गाठायची. ती रात्री आमच्या गावात थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे आणि सकाळी तीच गाडी आम्हाला घेऊन निघायची. ती चुकली तर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. वडापही चुकलं तर एसटीडीवरून शेजाऱ्यांकडं फोन, मग वडील एम-एटी घेऊन निघणार आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत.

दोन वर्षं मला कॉलेज माहीत होतं ते एवढंच: वर्ग, प्रयोगशाळा आणि झेरॉक्सचं दुकान. शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की जर्नलवर सही घ्यायची आणि स्टँडकडं पळत सुटायचं. तिसऱ्या वर्षी एका मैत्रिणीच्या खोलीत कॉट रिकामी झाली. दादानं आईला कसं पटवलं ते त्यालाच ठाऊक, पण मी कॉट बेसिसवर राहायला गेले.

तोवर वर्कशॉपमधले मामा माझ्या लेखी जॉब, म्हणजे मुलांनी घडवलेले धातूचे तुकडे, मोजून रजिस्टरवर सही घेणारे एक खडूस गृहस्थ होते. दिवसा एका बॅचला वीस मुलं आणि चालू लेथ तीन, तिथं ते कुणाशी काय बोलणार? पाचनंतर स्टोव्हवर स्वतःचा चहा करून झाला की हेच मामा हातात हात धरून शिकवायचे. टूल त्याला धरणाऱ्या पोस्टाच्या बाहेर किती काढायचं, जास्त काढलं तर जॉबवर लाटा कशा उठतात, कापून निघणारी धातूची चिप निळी पडायला लागली की काय समजायचं. कानानं ऐकायला त्यांनी शिकवलं. "आवाज बदलला बघ, धार गेली," म्हणायचे आणि टूल काढून दाखवायचे, तर खरोखरच कोपरा बोथट झालेला असायचा. आज शॉपफ्लोअरवर मी मशीनच्या जवळून जाताना नकळत कान देते, तो कान तिथला आहे. वर्गात फळ्याकडं तोंड करून शिकवणारे इलेक्ट्रिकलचे एक सरही संध्याकाळी कँटीनमागं वेगळेच असायचे. कोयनेत १९९९ साली केलेलं लेक टॅपिंग, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या पोटात स्फोट करून पाणी थेट बोगद्यात घेणं, त्यांनी आम्हाला शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर काढून दाखवलं होतं. आमच्या घरातला दिवा ज्या पाण्यावर लागतो त्याची ही हकीकत; ती अभ्यासक्रमात नव्हती.

एक राग मात्र अजून गेलेला नाही. आमच्या त्या कॉलेजचं ग्रंथालय पाच म्हणजे पाचला कुलूप लावायचं. दिवसभर आम्ही प्रॅक्टिकलला आणि पुस्तकं कपाटात. आम्ही मोकळे झालो की ग्रंथपालही मोकळे.

ही पाचला ओस पडणारी कॉलेजं आपल्याकडं आली कुठून, हे बघायचं तर थोडं मागं जावं लागतं. पुण्याचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. अशी मोजकी ठिकाणं. तिथं न बसणारी, घरी पैसा असलेली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. त्या धोरणावर तेव्हाही टीका झाली, आजही होते, आणि त्यातली बरीच टीका मला मान्य आहे. पण वारणेच्या खोऱ्यातली एक मुलगी इंजिनिअर झाली ती त्यामुळंच, हेही खरं. कॉलेज घराजवळ आलं. घराजवळ आलं म्हणून अपडाऊन शक्य झालं. आणि सगळेच अपडाऊन करायला लागले म्हणून पाचच्या ठोक्याला आवार रिकामं व्हायला लागलं. हे शेवटचं कुणी ठरवून केलेलं नाही.

जुन्या कॉलेजांत लांबलांबून आलेली मुलं आवारातच राहायची, त्यामुळं तिथं संध्याकाळ आपसूक होती. पुण्याच्या कॉलेजचा बोट क्लब आणि तिथली रेगाटा लोकांना माहीत असते. मला त्याहून मोठी वाटते ती 'स्वयम्'ची गोष्ट. तिथल्या विद्यार्थ्यांनी जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ नं तो श्रीहरिकोट्याहून वर नेला. या कामात कैक वर्षं गेली, म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ती मुलं उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडलेली होती. एका बॅचनं अर्धवट ठेवलेलं काम दुसरीनं उचलायचं, दुसरीनं चुकवलेलं तिसरीनं निस्तरायचं. कुठल्या टाइमटेबलात बसतं हे? पण तिथं नंबर लागणारी मुलं मला फोन करत नाहीत. मला फोन करणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा असतो. हाती असलेल्या चार-पाच साध्या कॉलेजांतून कुठलं घ्यायचं?

यंदा तो प्रश्न घरातच आला. दादाची मुलगी बारावी झाली. अकरावी-बारावी तिनं 'इंटिग्रेटेड'मध्ये काढली, म्हणजे नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर आणि मुलगी दिवसभर क्लासात. ब्युरेट तिनं प्रॅक्टिकल परीक्षेलाच पहिल्यांदा हातात धरलं. (याबद्दल बोलायला लागले तर हा लेख भलतीकडंच जाईल.) तिच्यापुढं दोन शक्यता उरल्या होत्या. घरापासून तासाभरावरच्या एका नव्या कॉलेजात कॉम्प्युटर, कॉलेजची बस गावाच्या फाट्यापर्यंत. किंवा तीन-साडेतीन तासांवरच्या एका जुन्या, रंग उडालेल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल, राहायला हॉस्टेल.

दादाचं मत ठरलेलं होतं. "कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रिकल कोण घेतंय गं आता? आणि पोरगी साडेसहाला घरात. अजून काय पायजे?"

शाखेबद्दल त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण २०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं एका शाखेला किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादाच काढून टाकली आहे. ज्याला मागणी त्याच्या जागा वाढणार, हे ओघानं आलं, आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स यांच्या जागा वाढल्याही. जागा कागदावर एका बैठकीत वाढतात. शिकवणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. त्यामुळं मी दादाला एवढंच म्हटलं, दोन्हीकडं जाऊन येऊ, आणि सकाळी नको, साडेचारनंतर जाऊ.

नव्या कॉलेजच्या कमानीवर फ्लेक्स होता. वर फेटा बांधलेले अध्यक्ष, खाली हायेस्ट पॅकेजचा आकडा, त्याखाली एका मुलाचा फोटो. आत कोकम सरबत मिळालं. एसी सेमिनार हॉल दाखवला, स्मार्ट बोर्ड दाखवला. मी ग्रंथालय बघू म्हटल्यावर आमच्या सोबतचा मुलगा जरा घुटमळला, पण घेऊन गेला. वाचनकक्षातल्या निम्म्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. देवघेवीचं रजिस्टर बघायला मिळेल का विचारलं, तर ग्रंथपाल बाई हसून म्हणाल्या, "मॅडम, हल्ली मुलं पीडीएफच वाचतात." बाई गोड होत्या. त्यांची काही चूक नाही. त्यांचीही बस पाचचीच होती.

पाचला दहा कमी असताना मैदानात पिवळ्या बसची इंजिनं सुरू झाली. जिन्यांवरून मुलं धो-धो खाली आली, कुणी सँडविच तोंडात धरून, कुणी अॅप्रन काढता काढता. सव्वापाचला आवारात आम्ही, वॉचमन आणि दोन कुत्री. भाचीनं वॉचमनला विचारलं, "काका, सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये येता येतं का?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "कशाला?" म्हणाला.

त्या रात्री मी दादाच्या मोबाइलवर दोन्ही कॉलेजांची एनआयआरएफची माहिती उघडली. केंद्र सरकारची ही कॉलेजांची क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांकाला मी फार भाव देत नाही, आणि सगळी कॉलेजं त्यात भागही घेत नाहीत. पण जी घेतात त्यांना भरून दिलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते, आणि ती पीडीएफ फ्लेक्सपेक्षा फार प्रामाणिक असते. पहिल्या वर्षाला मंजूर जागा किती, प्रत्यक्ष आले किती, त्यातले ठरलेल्या वर्षांत पास होऊन बाहेर पडले किती, नोकरी किती जणांना, पुढं शिकायला किती गेले. शेजारी पगाराचा मेडियन, म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. खाली ग्रंथालयावर आणि प्रयोगशाळेच्या साहित्यावर त्या-त्या वर्षी काय खर्च केला तेही असतं. दादा ऊस लावतो. त्यानं चष्मा वर करून मेडियनचा रकाना दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे फ्लेक्सवर एकरी शंभर टनाचा विक्रम, आणि हे आमच्यासारख्याचं खरं वजन." याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

जाता जाता आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांपैकी नॅकचा शेरा सबंध कॉलेजला असतो, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. तेव्हा 'आमचं कॉलेज एनबीए आहे' म्हणणाऱ्याला कुठली शाखा ते विचारायचं. आणि खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती जाहीर असते. काउंटरवर त्याहून जास्त आकडा कानावर आला तर पावती मागायची.

दुसऱ्या कॉलेजात पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. रंग उडालेला होता हे खरंच. मुलींच्या हॉस्टेलची बाथरूमं बघून वहिनीचा चेहरा उतरला, आणि तो उतरणं योग्यच होतं. एका खोलीत चौघी, एक ट्यूब लुकलुकणारी. पण वाचनकक्षात दिवे लागलेले होते आणि मुलं बसलेली होती, काही चक्क झोपलेली. रात्री दहापर्यंत उघडा, परीक्षेच्या दिवसांत बारापर्यंत, असं पाटीवर लिहिलेलं. वर्कशॉपकडून ग्राइंडरचा आवाज येत होता म्हणून तिकडं वळलो. 'बाजा'च्या स्पर्धेसाठी चारचाकी गाडी बांधणं चाललं होतं. नळ्यांचा सांगाडा विटांवर टेकवलेला, खडूच्या खुणा, एक मुलगी गुडघ्यावर बसून वेल्डची पापडी हातोडीनं उडवत होती. परभणीची निघाली. आम्ही कोण, कशाला आलो हे तिनं विचारलं नाही. भाचीकडं बघून म्हणाली, "ए, हे टोक धर गं जरा," आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं.

भाचीनं ते टोक बराच वेळ धरलं. डावीकडचं माप उजवीकडच्याशी जुळत नव्हतं. चार मिलिमीटरचा फरक. वेल्ड करताना नळी ओढली गेली असणार, असं एकाचं मत; टेपच चुकीचा धरला, असं दुसऱ्याचं. दुसऱ्याचा रोख भाचीकडं होता. तिनं टेप परत लावून दाखवला. चार मिलिमीटरच. "आता कापा," परभणीची म्हणाली आणि सगळे एकदम कण्हले. बाहेर येताना भाचीच्या पंजाबी ड्रेसच्या ओढणीला ग्रीस लागलं होतं आणि वहिनीला ते घरी जाईपर्यंत दिसलं नाही.

मी कॉलेजच्या वेळेवर एवढं का अडून बसते, याला एक साधं कारण आहे. लेक्चर आता कुठंही मिळतं. एनपीटीईएल या २००३ साली सुरू झालेल्या सरकारी उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स नेटवर चढत आली आहेत आणि ती फुकट आहेत. थर्मोडायनॅमिक्स शिराळ्याच्या पुढं बसूनही त्याच माणसाकडून शिकता येतं ज्याच्याकडून खरगपूरला शिकतात. मग चार वर्षं आणि लाखभर रुपये कशाचे द्यायचे? यंत्रं हाताळायला मिळण्याचे, आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढं असलेल्या मुलामुलींच्या मागंमागं फिरण्याचे, आणि चुकण्याचे, कारण हे वय सोडलं तर कापलेली नळी कुणी परत देत नाही. ही तिन्ही कामं बहुतेक पाचनंतर होतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका १९६३ पासून आणि फिरोदिया करंडक १९७४ पासून चालला आहे. त्यांच्या तालमींचा हिशेब कुठल्याच हजेरीपटावर सापडणार नाही. त्यातून नट किती झाले ते सोडा, पण ऑगस्टमध्ये पंधरा-वीस जणांना रोज एका वेळी एका जागी जमवणारं पोरगं पुढं कुठलंही प्रोजेक्ट हाकतं.

मुलाखतीत समोर बसले की हे लगेच कळतं. बहुतेक प्रोजेक्ट्स दुकानातून आणलेली असतात. एकाच कॉलेजातले लागोपाठचे गट चेहरा ओळखून हजेरी लावणारी तीच सिस्टिम घेऊन येतात, आणि कॅमेरा कुठला वापरला विचारलं की एकमेकांकडं बघतात. एकदा एक मुलगा आला, गुण बेताचे, इंग्रजी अडखळतं. प्रोजेक्टबद्दल तोही धड सांगेना. मी सहज विचारलं, कॉलेजात अजून काय केलंस? तर म्हणाला, हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. मग जो सुरू झाला! गॅसची टाकी किती दिवस जाते आणि कढई बदलल्यावर किती दिवस गेली, बुधवारच्या बाजाराला स्वतः गेलं तर भाजीत काय सुटतं, चपात्या मोजून दिल्या तर मुलं भांडतात पण भात मोजला तर भांडत नाहीत, आणि रविवारच्या फीस्टला पाहुण्यांची कुपनं आदल्या रात्रीच का विकायची. बिल खाली आणून दाखवलं होतं त्यानं. माझ्याबरोबर पॅनलवर बसलेले आमचे परचेसचे साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. तो मुलगा आज आमच्याकडं सप्लायर्स सांभाळतो.

आता याला दादाचा आक्षेप, आणि तो दादाचा एकट्याचा नाही. राहायला पैसा लागतो. मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसींसाठी २०२४-२५ पासून सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, पण हॉस्टेल आणि मेस त्यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार योजना आहे, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. पैसे उशिरा येतात, अर्ज त्रुटीत निघतात, हे सगळं धरूनही अर्ज भरावाच. आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी करायला घेतली. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात शाहू बोर्डिंग १९२४ साली काढलं, आणि त्यांचं शिवाजी कॉलेज उभं राहिलं १९४७ मध्ये. आधी पोराच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी, कॉलेज त्यानंतर. तिथल्या 'कमवा आणि शिका'तली मुलं पाचनंतर कुदळ घेऊन शेतात असायची, पण असायची एकत्र.

आणि ज्याला राहणं खरोखरच शक्य नाही? आमच्या वाडीतला एक मुलगा आहे. वडील अंथरुणाला, घरी दोन म्हशी, धार त्यालाच काढावी लागते. त्याला मी हॉस्टेलचं गाणं ऐकवणार नाही. तो शनिवारी धाकट्या भावाला म्हशी सांगून मित्राच्या खोलीवर राहतो आणि रविवारी दुपारी परततो. दुसऱ्या वर्षी त्यानं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर केलं, कुठल्याशा गावात बंधारा घालायला. त्या सात दिवसांत त्याला जेवढे मित्र मिळाले तेवढे आधीच्या सबंध वर्षात मिळाले नव्हते, असं तो सांगतो. आठवड्यातली एक संध्याकाळ जरी सोडवून घेता आली तरी ती कॉलेजात घालवावी, घरी यायच्या घाईत दवडू नये. प्रॅक्टिकलच्या मधल्या सुट्टीत लॅबच्या मामांना चहा विचारावा. सरांना वर्गात शंका विचारायची लाज वाटत असेल तर स्टाफरूमच्या दारात विचारावी. तिथं बहुतेक सर वेगळे असतात. आणि सीनियर मुलांची जुनी जर्नल्स नुसती उतरवू नयेत, त्यातल्या रीडिंगमध्ये काय गफलत आहे ती शोधावी. नक्की सापडते.

भाचीला दुसऱ्या राउंडला जुन्या कॉलेजचं इलेक्ट्रिकल मिळालं. ऑप्शन फॉर्ममध्ये ते चौथ्या नंबरवर होतं. वरची तीन नावं तिची स्वप्नं होती, ती तशीच ठेवू दिली. नवं कॉलेज तिनं खाली ढकललं ते दादा झोपल्यावर. दादा दोन दिवस धुमसला. मग गादी, बादली आणि कुकर घेऊन स्वतःच सोडायला गेला. कुकर वॉर्डनबाईंनी परत पाठवला.

हॉस्टेलच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं म्हणून काही आठवडे ती गावातल्या एका काकूंकडं कॉट बेसिसवर होती. आता खोली मिळाली आहे, लुकलुकणाऱ्या ट्यूबसकट. एक सर पीपीटी वाचून दाखवतात अशी तक्रार आहे. त्यांचा विषय ती एनपीटीईएलवर बघते आणि वर्गात मागच्या बाकावर वायरी सोलते. कारण 'बाजा'च्या टीमनं पहिल्या वर्षाच्या मुलांना तेवढंच काम दिलंय, वायरी सोलणे आणि पाने पुसणे. परवा फोनवर वैतागलेली होती. त्यात नाटकवाल्यांनीही बोलावलंय, त्यांच्या तालमी सातला, टीमची बैठकही सातला.

"आत्या, दोन्ही जमेल का गं?"

मी म्हटलं, करून बघ, एक आपोआप सुटेल. पण सबमिशनच्या आठवड्यात दोन्हीकडं रजा टाक. विषय राहून केटी लागली तर तुझा बाप तुला काही म्हणणार नाही, तो मला फोन करेल.